'फक्त गोरे' हे कलम गोल्फमधून निघायला २७ वर्षं का लागली? चार्ली सिफर्डचं प्रकरण

१९३४ साली पीजीए ऑफ अमेरिका या गोल्फ प्रोफेशनल्सच्या संघटनेच्या घटनेत एक कलम आलं. मेंबर कोण होऊ शकतो, तर कॉकेशियन वंशाचा म्हणजे सरळ भाषेत गोरा माणूस, वय १८ च्या वर, राहणारा उत्तर किंवा दक्षिण अमेरिकेतला. वय वाढतं, पत्ता बदलता येतो, पहिल्या अटीचं मात्र कुणी काही करू शकत नाही. हे कलम निघालं १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात बाहेर काय काय झालं बघा, १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये उतरला, १९४८ ला ट्रूमनने सैन्यातला भेदभाव बंद करायचा आदेश काढला, १९५४ ला शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, १९५५ ला त्याच कोर्टाने अटलांटाच्या सरकारी गोल्फ कोर्सवर कृष्णवर्णीयांना खेळू द्या म्हणून सांगितलं, आणि इकडे पीजीएने १९६० च्या वार्षिक सभेतसुद्धा कलम काढायचा ठराव मोठ्या फरकाने पाडला.

या कलमाशी झगडलेल्या चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय गोल्फरबद्दल वाचायला गेलं की बहुतेक ठिकाणी एकच साचा सापडतो, गरीब कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा पोरगा), अपमान, जिद्द, विजय, शेवटी ओबामांच्या हातून पदक. खोटं काहीच नाही त्यात. पण तेवढंच वाचलं तर असं वाटतं की तो चांगला खेळत राहिला, कुणावर हात उगारला नाही आणि एक दिवस समोरच्यांना लाज वाटली. तसं झालेलं नाही. हे कलम हलवायचे तीन मोठे प्रयत्न झाले, एक कोर्टातून, एक प्रसिद्धीच्या जोरावर आणि एक जमीन अडवून, आणि त्यातला तिसराच लागू पडला. म्हणून मी हे प्रकरण फक्त सिफर्डचं म्हणून न सांगता कलमाचं म्हणून सांगतोय.

आधी टूरची भानगड

पीजीए ही मुळात क्लबवर नोकरी करणाऱ्या प्रोफेशनल लोकांची संघटना, १९१६ ची. मेंबरांना शिकवणं, दुकान सांभाळणं, स्टिका दुरुस्त करणं ही त्यांची कामं, आणि वर्षातले काही आठवडे हीच मंडळी गावोगाव फिरून बक्षिसाच्या स्पर्धा खेळायची, तीच टूर. ती चालवायची पीजीए. म्हणजे कुणाला खेळू द्यायचं हे संघटनेच्या हातात, संघटनेत यायला क्लबमधल्या नोकरीचा अनुभव लागायचा, आणि कृष्णवर्णीय माणसाला क्लब कामावर ठेवणार ते कॅडी, वेटर नाहीतर लॉकर रूम झाडायला. त्यामुळे कलम नसतं तरी दरवाजा अर्धा बंदच होता, कलमाने नुसती कडी घातली.

यूएस ओपन ही वेगळी चूल. ती यूएसजीए ही गोल्फची दुसरी संघटना भरवते, पीजीए नाही. तिथे १८९६ साली शिनेकॉक हिल्सला जॉन शिपेन नावाचा १६ वर्षांचा कृष्णवर्णीय पोरगा खेळला होता, गोऱ्या खेळाडूंनी बहिष्काराची धमकी दिली तेव्हा यूएसजीएचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर यांनी साफ सांगितलं की तुम्ही नाही खेळलात तर शिपेन आणि ऑस्कर बन (हा शिनेकॉक इंडियन जमातीचा) या दोघांनाच घेऊन स्पर्धा होईल. सगळे गपगुमान खेळले. पोरगा १३ व्या होलवर ११ फटके घालवून बसला नसता तर कदाचित जिंकलाही असता. १८९६ ला जे जमलं ते १९३४ ला घटनेत लिहून बंद केलं गेलं, म्हणजे काळ पुढे गेला की माणसं आपोआप सुधारतात वगैरे जे आपण धरून चालतो त्याला इथे काही आधार मिळत नाही.

मग कृष्णवर्णीय गोल्फर खेळायचे कुठे? त्यांनी १९२० च्या दशकात स्वतःची युनायटेड गोल्फर्स असोसिएशन काढली होती, तिच्या स्पर्धा बहुतेक सरकारी कोर्सवर, बक्षिसं तुटपुंजी, पेट्रोल आणि जेवणाचा खर्च निघाला तरी पुष्कळ. तिथली मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल नीग्रो ओपन. यूएस ओपनशिवाय लॉस एंजेलिस ओपन आणि शिकागोजवळची टॅम ओ'शँटर या दोनतीन ठिकाणी आयोजक स्वतःच्या हिमतीवर सगळ्यांना घ्यायचे. बाकी वर्षभर बाहेर.

सिफर्ड

जन्म २ जून १९२२, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना. दहाव्या वर्षी कॅडी म्हणून लागला, दिवसाला ६० सेंट, त्यातले ५० आईला आणि १० सेंटचे सिगार. हो, दहाव्या वर्षी सिगार. पुढे आयुष्यभर तोंडात सिगार ठेवूनच खेळला, फोटोत ओळखायचं तर सिगार शोधायचा. कॅडी पोरांना सोमवारी कोर्सवर खेळू द्यायचे, त्या सोमवारांवर हा तेराव्या वर्षापर्यंत पार खेळायला लागला, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून जेवढ्या फटक्यांची अपेक्षा असते तेवढ्यात अठराच्या अठरा होल. क्लबात एक काळा पोरगा मेंबरांपेक्षा भारी खेळतोय हे दक्षिणेत फार दिवस चालण्यातलं नव्हतं. सतराव्या वर्षाच्या आसपास तो फिलाडेल्फियाला गेला, तिथे कॉब्स क्रीक नावाचा सरकारी कोर्स सगळ्यांना खुला होता. मग युद्ध, सैन्यात ओकिनावा, परत आल्यावर गायक बिली एक्स्टाइनकडे नोकरी. त्याचा ड्रायव्हर, त्याचं सामान सांभाळणारा आणि त्याला गोल्फ शिकवणारा, तिन्ही हाच.

१९४० च्या दशकाच्या शेवटी तो जॅकी रॉबिन्सनला भेटला आणि आपल्याला पीजीए टूरवर खेळायचंय म्हणून सांगितलं. रॉबिन्सनने विचारलं, मध्येच सोडून पळणाऱ्यातला आहेस का. हा म्हणाला नाही. मग उतर, पण लोक त्रास देतील आणि तुला उलटून मारता येणार नाही. हा किस्सा सिफर्ड स्वतः सांगायचा. पण रॉबिन्सनच्या आणि याच्या परिस्थितीत एक मोठा फरक होता आणि तो किस्सा सांगताना निसटतो. रॉबिन्सनच्या मागे त्याला टीममध्ये घेणारा ब्रँच रिकी होता, एक टीम होती, तिला सामने जिंकायचे होते म्हणून तिला रॉबिन्सन हवा होता. गोल्फमध्ये टीमच नसते. सिफर्ड आत आल्याने कुणाचाच फायदा नव्हता, उलट आत असलेल्या प्रत्येकाच्या बक्षिसाचा एक वाटेकरी वाढत होता. मालकाला गरज पडली म्हणून दार उघडलं असं गोल्फमध्ये होणंच शक्य नव्हतं.

पहिला प्रयत्न: कोर्ट

इथे बिल स्पिलर येतो आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच. ओक्लाहोमाचा, वायली कॉलेजचा पदवीधर, आणि नोकरी काय तर लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवर हमाली. गोल्फची काठी हातात घेतली ती तिशीच्या तोंडावर. तरीही पाचसहा वर्षांत एवढा तयार झाला की जानेवारी १९४८ च्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये, रिव्हिएरा कोर्सवर, पहिल्या राउंडला ६८ फटके (गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं). त्या दिवशी बेन होगन या त्या काळच्या अव्वल खेळाडूचाही स्कोर ६८ च होता. स्पिलर आणि नॅशव्हिलचा टेड रोड्स दोघंही स्पर्धेत पहिल्या ६० मध्ये आले, आणि नियम असा की पहिल्या ६० मध्ये आलेल्याला पुढच्या स्पर्धेत थेट प्रवेश.

पुढची स्पर्धा कॅलिफोर्नियातल्याच रिचमंडला. दोघं गेले, दोन दिवस सरावाचे राउंड खेळले, आणि मग पीजीएच्या माणसाने येऊन सांगितलं की तुम्हाला खेळता येणार नाही, तुम्ही मेंबर नाही. मेंबर का नाही, तर कलम. मॅडिसन गंथर हा स्थानिक खेळाडूही त्यांच्यासोबत अडला.

तिघांनी मिळून जॉन रोवेल नावाच्या वकिलाकरवी दावा ठोकला, एकूण ३,१५,००० डॉलरचा, प्रत्येकी १ लाख पीजीएकडून आणि ५ हजार रिचमंडच्या क्लबकडून. मुद्दा साधा होता, टूर हे या लोकांचं पोट भरायचं साधन आहे आणि संघटना त्यांना वर्णावरून कामापासून अडवतेय. सप्टेंबरमध्ये केस उभी राहणार त्याच्या तोंडावर पीजीएच्या वकिलाने तडजोडीचं बोलणं काढलं, दावा मागे घ्या, यापुढे आम्ही भेदभाव करणार नाही. रोवेलने मान्य केलं, दावा मागे.

आणि मग पीजीएने जे केलं त्याला कोपराला गूळ लावणं म्हणतात. स्पर्धांची नावं बदलली. 'ओपन' असलेल्या स्पर्धा 'इन्व्हिटेशनल' झाल्या, म्हणजे आता आम्ही कुणाला अडवत नाही हो, आयोजक ज्याला बोलावतील तो येईल, आणि आयोजक तुम्हाला बोलावत नाहीत त्याला आम्ही काय करणार. कलम जागच्या जागी, शब्दही मोडला नाही, दारही बंद. नोकरशाहीतला माणूस ही युक्ती बघून टाळ्या वाजवेल.

दुसरा प्रयत्न: जो लुईस

१९५२ च्या जानेवारीत सॅन डिएगोच्या स्पर्धेला आयोजकांनी जो लुईसला बोलावलं. तोच, बॉक्सिंगचा कृष्णवर्णीय माजी हेवीवेट चॅम्पियन, युद्धात सैन्याच्या पोस्टरवर झळकलेला, गोल्फचं भयंकर वेड असलेला आणि टेड रोड्सला पगार देऊन शिकणारा. स्पिलरही गेला, पात्रता फेरी खेळून रीतसर पात्र ठरला. पीजीएने दोघांनाही नाही म्हटलं.

आता मात्र गडबड झाली, कारण लुईसला नाही म्हणणं म्हणजे देशभर बातमी. लुईसने पत्रकारांना बोलावून पीजीएचे अध्यक्ष हॉर्टन स्मिथ यांची तुलना हिटलरशी केली. वॉल्टर विंचेल या गाजलेल्या पत्रकाराने रेडिओवरून विषय पेटवला. हे हॉर्टन स्मिथ म्हणजे १९३४ ची पहिली मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकलेले, गोल्फमधलं मोठं नाव, आणि आता त्यांच्यावर ही वेळ. त्यांनी वाट काढली. लुईस हौशी खेळाडू आहे, व्यावसायिक नाही, तेव्हा मेंबरशिपचं कलम त्याला लागू नाही, त्याला खेळू द्या. आणि स्पिलर? तो व्यावसायिक, त्याला लागू. म्हणजे जो पात्रता फेरी खेळून आला तो बाहेर आणि जो नावावर आला तो आत.

स्पिलर सरळ पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, जाऊन उभा राहिला, हलायला तयार नाही, स्पर्धा सुरू होईना. शेवटी लुईसनेच त्याची समजूत घालून बाजूला नेलं. पुढे ठरलं ते असं की आयोजकांनी बोलावलं तर 'मान्यताप्राप्त' कृष्णवर्णीय खेळाडूंना स्पर्धेत घेता येईल, आणि कोण मान्यताप्राप्त हे ठरवायला कृष्णवर्णीय खेळाडूंचीच एक समिती. कलमाला पुन्हा हात नाही. हक्क मागायला गेले आणि आमंत्रणाची शक्यता घेऊन आले, ती पण दक्षिणेतल्या राज्यांत शून्य.

या तडजोडीचं पहिलं फळ लगेच पुढच्याच फिनिक्सच्या स्पर्धेत दिसलं. सिफर्ड, लुईस, रोड्स वगैरे कृष्णवर्णीयांनाच एकत्र एका ग्रुपमध्ये घालून सकाळी पहिलं सोडलं. पहिल्या ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक गवतावर पोचले, सिफर्डने झेंडा उपसला आणि खाली कपात बघतो तर माणसाची विष्ठा. रात्रीतून किंवा पहाटे कुणीतरी भरून ठेवलेली, आणि पहिला ग्रुप यांचा असल्यामुळे ती कुणासाठी होती यात शंकेला जागाच नाही. कप बदलून मिळेपर्यंत ही मंडळी जवळपास तासभर तिथेच उभी होती, आणि त्यानंतर त्यांना खेळायचं होतं, चार फुटांचे पट (बॉल हळूच कपात घालायचे फटके) घालायचे होते. आयोजकांनी बोलावलं तर या, याचा प्रत्यक्षात अर्थ हा.

त्या सगळ्या दशकात सिफर्ड दोन्हीकडे खेळत राहिला. नॅशनल नीग्रो ओपन सहा वेळा जिंकली, १९५२ ते ५६ सलग पाच आणि मग १९६० ला. १९५७ ला लाँग बीच ओपन जिंकली, गोरे प्रो खेळत असलेली, पण ती ५४ होलची असल्यामुळे टूरच्या अधिकृत विजयांत धरत नाहीत. गाडीतून फिरणं, रात्री राहायला हॉटेल नाही म्हणून ओळखीच्या कृष्णवर्णीय घरात मुक्काम, क्लबहाउसमध्ये जेवायला बंदी म्हणून गाडीत बसून खाणं, हे रोजचंच.

तिसरा प्रयत्न: नाक दाबलं

१९५९-६० पर्यंत स्पिलर थकला होता, लॉस एंजेलिसच्या हिलक्रेस्ट कंट्री क्लबवर कॅडीचं काम करत होता. खेळायला येणाऱ्या हॅरी ब्रेव्हरमन या मेंबराने एकदा त्याला विचारलं की तू टूरवर का नाही. स्पिलरने कलम सांगितलं. ब्रेव्हरमन म्हणाला हे सगळं लिहून स्टॅन्ली मॉस्कला पाठव. मॉस्क म्हणजे कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल, राज्याचे सर्वोच्च कायदा अधिकारी, १९५८ मध्ये निवडून आलेले. सिफर्डचीही त्यांच्याशी गाठ पडली, त्यानेही आपली हकीकत सांगितली.

मॉस्क यांचं कौतुक अशासाठी की ते भेदभाव वाईट की चांगला या चर्चेतच शिरले नाहीत. त्यांनी बघितलं की टूरच्या कितीतरी स्पर्धा सरकारी, म्हणजे लोकांच्या करातून बांधलेल्या कोर्सवर होतात, मग पीजीएला कळवलं की घटनेत हे कलम ठेवून कॅलिफोर्नियातला सरकारी कोर्स वापरता येणार नाही. पीजीएने उत्तर दिलं, ठीक आहे, आम्ही खाजगी क्लबवर खेळू. मॉस्क म्हणाले तिथेही येऊन अडवतो, आणि त्यांनी दुसऱ्या राज्यांतल्या ॲटर्नी जनरलना पत्रं लिहायला सुरुवात केली.

त्या काळात वर्षाची सुरुवातच कॅलिफोर्नियातून व्हायची. उत्तरेत बर्फ, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत लॉस एंजेलिस, सॅन डिएगो असं करत टूर पश्चिम किनाऱ्यावरच असायची. कॅलिफोर्निया बंद म्हणजे हंगामाचा पहिला भागच गेला, टीव्ही आणि हॉलिवूडचे पाहुणे, त्यांच्यामुळे येणारा पैसा गेला, आणि बाकीची राज्यं त्याच वाटेने गेली तर टूरच गेली. १९६२ ची पीजीए चॅम्पियनशिप, म्हणजे संघटनेची स्वतःची नाक असलेली स्पर्धा, लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड क्लबला ठरली होती. ती उचलून फिलाडेल्फियाजवळच्या ॲरोनिमिंकला न्यावी लागली.

पीजीएने आधी नेहमीसारखं थोडं थोडं सोडून बघितलं. १९६० मध्ये सिफर्डला 'मान्यताप्राप्त खेळाडू' असं कार्ड दिलं, पूर्ण मेंबरशिप नाही, आणि त्याच वर्षी सभेत कलम काढायचा ठराव पाडला. पण मॉस्क हलेनात. नोव्हेंबर १९६१, हॉलिवूड, म्हणजे फ्लोरिडातलं हॉलिवूड, वार्षिक सभा. कलम रद्द. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही ते हे.

कार्ड मिळालं म्हणजे काय मिळालं

कलम निघायच्या सात महिने आधी, एप्रिल १९६१, ग्रेटर ग्रीन्सबरो ओपन. नॉर्थ कॅरोलायना, सिफर्डचं स्वतःचं राज्य. हे तेच ग्रीन्सबरो जिथे वर्षभरापूर्वी चार कॉलेजच्या पोरांनी वूलवर्थच्या जेवणाच्या काउंटरवर बसून सत्याग्रह सुरू केला होता, आणि जिथे १९५५ ला सरकारी कोर्सवर खेळले म्हणून सहा कृष्णवर्णीयांना अटक झाली होती. दक्षिणेतल्या पीजीए स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून सिफर्ड सेजफील्ड क्लबवर उतरला आणि पहिल्या दिवशी ६८ मारून थेट आघाडीवर.

त्या रात्री फोन आला. उद्या कोर्सवर पाय ठेवलास तर बघ. सिफर्डने पलीकडच्याला आपली टी-ऑफची, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ सांगितली, तुला काय करायचंय ते कर म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी टवाळखोरांचं टोळकं पहिल्या टीपासून त्याच्या मागे, शिव्या, फटक्यासाठी काठी मागे नेली की ओरडणं, बॉल मारला की खिदळणं, आणि हे एक-दोन होल नाही, राउंडचा बराचसा भाग, शेवटी पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. गोल्फ कधी टीव्हीवर पाहिला असेल तर माहीत असेल की कुणी नुसतं खोकलं तरी खेळाडू मागे वळून बघतो. हा माणूस त्या आवाजात खेळला आणि स्पर्धेत चौथा आला. चौथा! मला त्याच्या दोन विजयांपेक्षा हा चौथा नंबर मोठा वाटतो.

पूर्ण मेंबरशिप मिळायला १९६४ उजाडलं. त्याच वर्षी पीट ब्राउनने ओक्लाहोमात वॅको टर्नर ओपन जिंकली, टूरची अधिकृत स्पर्धा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय तो, सिफर्ड नाही, हे बऱ्याच ठिकाणी चुकीचं लिहिलेलं असतं. सिफर्डचा नंबर १९६७ ला लागला, ग्रेटर हार्टफर्ड ओपन, शेवटच्या दिवशी ६४, एका फटक्याने विजय, बक्षीस २० हजार डॉलर, वय ४५. दुसरा विजय जानेवारी १९६९, लॉस एंजेलिस ओपन, पहिल्या राउंडला ६३ आणि शेवटी दक्षिण आफ्रिकेच्या हॅरल्ड हेनिंगला प्लेऑफच्या पहिल्याच होलला हरवलं. ही स्पर्धा झाली रँचो पार्कला, आणि रँचो पार्क हा शहराच्या मालकीचा सरकारी कोर्स. मॉस्कनी ज्या प्रकारच्या कोर्सवरून पीजीएला हुसकायची धमकी दिली होती, तसल्याच कोर्सवर.

राहिलं मास्टर्स. जॉर्जियातलं ऑगस्टा नॅशनल, खेळाडू बहुतेक गोरे, कॅडी सगळे काळे. तिथला प्रवेश आमंत्रणावर, आणि टूरची स्पर्धा जिंकली की आमंत्रण मिळेलच असं तेव्हा नव्हतं. १९६७ ला जिंकला, नाही. १९६९ ला जिंकला, नाही. विजेत्याला आपोआप प्रवेश हा नियम १९७२ पासून आला आणि १९७५ ला ली एल्डर आदल्या वर्षीच्या मॉनसँटो ओपनच्या विजयावर मास्टर्स खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. तोवर सिफर्ड ५२ चा झाला होता. तो तिथे कधीच खेळला नाही आणि याबद्दलची चीड त्याने शेवटपर्यंत लपवली नाही. काही लोकांना तो म्हातारपणी कडवट वाटायचा. वाटू दे, त्याने गोड का असावं हे मला कळलेलं नाही.

वयाचा हिशोब

गोल्फर साधारण पंचविशीपासून चाळिशीपर्यंत भरात असतो. कलम निघालं तेव्हा सिफर्ड ३९ चा, रोड्स आणि स्पिलर दोघंही ४८ चे. रोड्सला खेळताना बघितलेले लोक त्याला या सगळ्यांत सरस मानायचे, पण दात होते तेव्हा चणे नव्हते आणि चणे आले तेव्हा दात पडले होते. तो १९६९ ला गेला. सिफर्डने टूरवर आयुष्यभरात मिळून सुमारे ३ लाख ४१ हजार डॉलर मिळवले, आणि बहुतेक सगळे चाळिशीनंतर. पन्नाशीनंतर १९७५ ला पीजीए सीनियर्स जिंकली, म्हणजे खेळ संपला नव्हता.

मानसन्मान सगळे नंतर आले आणि भरपूर आले. २००४ ला वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये पहिला कृष्णवर्णीय, त्या कार्यक्रमात त्याची ओळख करून दिली गॅरी प्लेअरने, जो योगायोगाने १९६२ ची ती ब्रेंटवुडहून हलवलेली पीजीए चॅम्पियनशिप जिंकला होता. २००६ ला सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची डॉक्टरेट, २०१४ ला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. टायगर वुड्सने मुलाचं नाव चार्ली ठेवलं ते याच्यावरूनच. ३ फेब्रुवारी २०१५ ला गेला, वय ९२. स्पिलर १९८८ लाच गेला होता. पीजीएने त्याला, रोड्सला आणि जॉन शिपेनला मेंबरशिप दिली २००९ मध्ये, तिघंही मेल्यावर.

सिफर्ड की स्पिलर, श्रेय कुणाचं, असा वाद अधूनमधून होतो. माझं मत असं की कलम स्पिलरने काढायला लावलं आणि कलम निघाल्यानंतर आत जाऊन टिकून दाखवायचं काम सिफर्डने केलं, आणि दुसरं काम स्पिलरच्या स्वभावाला झेपलं नसतं. तो भांडणारा माणूस होता, ग्रीन्सबरोला त्या टोळक्यावर धावून गेला असता तर दार परत वीस वर्षं बंद करायला लोकांना आयतं निमित्त मिळालं असतं.

मला जास्त सलतं ते १९४८. दावा कोर्टात उभा राहणार होता, पीजीए घाबरलेली होती, म्हणून तर तडजोडीला आली, आणि तेव्हा घटनेतली ओळ काढा ही एकच अट न घालता दावा मागे घेतला गेला. रोवेलला दोष देणं सोपं आहे. पैशांवाल्या संघटनेविरुद्ध हमाल आणि कॅडी लोकांची केस लढवणारा वकील होता तो, आणि समोरून चांगलं वागायचं वचन मिळालं तर कितीतरी वकील तेच करतील. पण ती अट घातली असती आणि पीजीएने मानली असती, तर सिफर्ड तेव्हा २६ वर्षांचा होता, रोड्स आणि स्पिलर ३४ चे, आणि पीट ब्राउन तर अजून तेराचा पोरगा होता.